मागची डावी बाजू

आर. के. पुरम,
सोमवार, १६ जून

चि. सुधन्वा,

आशीर्वाद डाव्या हाताने पाठवतोय, चालवून घे. उजवा जानेवारीतल्या झटक्यापासून मांडीवर पडून आहे आणि त्याला उचलून बाजूला ठेवायचं झालं तरी डाव्यालाच सांगावं लागतं. जीभ तेवढी वाचली. चंद्रप्रभा म्हणते, उलटं झालं असतं तर घरात जरा शांतता नांदली असती.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी रोज एक पान डाव्या हाताने लिहायला सांगितलंय. पहिल्या दिवशी मी माझं नाव आणि हुद्दा लिहीत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याचाही कंटाळा आला. मग म्हटलं, ज्या भावाने माझा नंबर ब्लॉक केलाय त्यालाच पानं भरून पाठवावीत. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही.

त्या रविवारी तू चहा न घेता गेलास. तुझ्या चंद्रप्रभावहिनीने आलं किसून टाकलं होतं. पानिपतहून एवढ्या उन्हात आलास, दारात उभा राहून आत बघितलंस, पिशवी ठेवलीस आणि जिना उतरून चालता झालास. पिशवीत तुझ्या मिलची सुती चादर निघाली. कूलरसमोर बसलो की तीच पायांवर घेतो.

तू काय पाहिलंस ते मला माहीत आहे. देवघराच्या खोलीत मी खुर्चीत बसलेला आणि चार ख्रिस्ती माणसं माझ्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभी. पण ती माणसं कोण हे तू विचारलं नाहीस. तुला आठवत असेल, सुरुवातीला आपल्याकडे माणसांची कमी नव्हती. पहिले पंधरा दिवस तर तूच हॉस्पिटलच्या बाकावर झोपलास. नंतर ऑफिसातले येत, दिल्लीच्या मराठी मंडळातले येत, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायला मला तिसऱ्या मजल्यावरून खाली नेत. मग कुणाची बदली झाली, कुणाची कंबर धरली. कुणाचा दोष नाही, ज्याला त्याला आपलं घर आहे. मार्चमध्ये एका मंगळवारी कुणीच आलं नाही आणि चंद्रप्रभा जिन्यात उभी राहून रडली. ते ऐकून तळमजल्यावरचे भिंगारदिवे वर आले.

अंबादास भिंगारदिवे मूळचे नगरचे, कृषी भवनात सेक्शन ऑफिसर. त्यांनी त्यांच्या चर्चमधले तिघे गोळा केले: झारखंडचा टोप्पो, केरळचा थॉमस आणि स्वतःचा मेहुणा साकेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे चौघे ऑफिसला जायच्या आधी मला प्लास्टिकच्या खुर्चीत घालून खाली उतरवतात, आणि लंच टाइममध्ये येऊन वर चढवतात. मी काही हलका माणूस नाही, तुला माहीत आहे. तळमजल्यावरच्या क्वार्टरसाठी मेडिकल कारणावर अर्ज केलाय. फाइल हलतेय म्हणतात. निदान ती तरी हलतेय.

त्या रविवारी त्यांनी प्रार्थना करू का विचारलं. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. एवढंच. तुझ्या दादाचा धर्म जागेवर आहे.

दादा


आर. के. पुरम,
बुधवार, ९ जुलै

चि. सुधन्वा,

तुझं उत्तर नाही. पण चंद्रप्रभाला केलेला मेसेज तिने माझ्यासमोर धरला, म्हणजे पत्रं पोचतात. तू लिहिलंस, ‘चार लोकांनी खुर्ची उचलली म्हणून देव बदलतात का? तिथे प्रार्थना व्हायच्या असतील तर टाक मला द्या.’

टाक आईने माझ्या हातात दिले होते तेव्हा तू शेजारीच होतास. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आपली भवानी आणि आपला खंडोबा. थोरल्याकडे राहायचे, आणि नवरात्रात धाकट्याने बायकामुलं घेऊन थोरल्याकडे घटाला यायचं. तू एकदाही चुकला नाहीस. करोल बागेत होतो तेव्हाही नाही, आणि पानिपतला नोकरी धरल्यावरही नाही. टाक कुठे जात नाहीत. मीही जात नाही. मला तर कुशीवर वळायचं झालं तरी माणूस लागतं.

बातमी अशी की काल आम्ही पडता पडता वाचलो. वरची टाकी भरून वाहत होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाणी होतं. खुर्ची एकदम उजवीकडे गेली. पुढच्या बाजूला भिंगारदिवे होते. खुर्चीचा पाय त्यांच्या नडगीवर बसला आणि सगळा भार त्यांच्या अंगावर आला. मागून टोप्पो ओरडला. भिंगारदिव्यांनी हात सोडला नाही. खाली पोचल्यावर पँट वर केली तर हाड दिसेल इतकं खरचटलं होतं. त्यावर रुमाल बांधून ते ऑफिसला गेले, आणि दुपारी मला वर चढवायला लंगडत परत आले.

मला काही झालं नाही. पाणी होतं म्हणून घसरलो. जिन्यात पाणी असलं की असं होतंच.

दुपारी ते दम घ्यायला बसले तेव्हा मी सरळ विचारलं, तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवंय. जरा उर्मटपणेच विचारलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, बायको गेली त्या वर्षी ते जेवत नव्हते. टोप्पो रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा आणि समोर बसून राहायचा. मराठी त्याला येत नाही, हिंदीतही कमीच बोलतो. डबा संपला की उठायचा. आता माझी पाळी आहे, म्हणाले.

या उत्तराने माझी चिडचिड वाढलीच. हिशेबी माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

दादा


आर. के. पुरम,
रविवार, २७ जुलै

चि. सुधन्वा,

चीड आली की मला लिहायला बरं पडतं, म्हणून आज हात चांगला चाललाय.

अंग पडलंय पण मन जागेवर बसत नाही रे. सकाळपासून ते करोल बागेतल्या जुन्या घराचे जिने चढतं, तिथून तुझ्या मिलच्या फाटकाशी जातं, तिथून माझ्या ऑफिसातल्या टेबलाशी, जिथे आता दुसराच कुणी बसतो. तळपायाला खाज सुटते आणि तिथे हात पोचत नाही. चंद्रप्रभाला किती वेळा हाक मारायची? मग मी पंख्याकडे बघत दात आवळून बसतो, आणि तिने येऊन काय हवं विचारलं की तिच्यावरच ओरडतो.

अशात भिंगारदिव्यांनी मला गोष्ट सांगितली. मीच विचारलं होतं, तुमच्यात माझ्यासारख्याचं काय करतात. तर म्हणे एक लुळा पडलेला माणूस होता. त्याला चौघांनी खाटेसकट येशूकडे नेलं. घरात ही गर्दी, दारातून शिरता येईना. मग त्यांनी वर चढून छप्पर उचकटलं आणि त्याला दोरांनी खाली सोडलं. येशूने त्याला बरं केलं आणि तो खाट काखोटीला मारून घरी गेला.

मी म्हटलं, भिंगारदिवे, तुमचा तो माणूस चालत गेला. मी चार महिने तुमच्या खांद्यावर आहे, माझं बोटसुद्धा हललेलं नाही. एक तर तुमचं छप्पर चुकलं, नाहीतर माझी खाट. त्यांना हसू आलं. मला आलं नाही. खरं सांगू का, मी वाट बघत होतो. कुणाला सांगितलं नाही, पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला की मी मनातल्या मनात उजव्या अंगठ्याला हुकूम सोडायचो.

तरी ती गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यातल्या दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे तो आजारी माणूस अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, कुणी विचारतही नाही. येशूने बघितला तो आणणाऱ्यांचा विश्वास. म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःचं काहीच नाही तोही आत जाऊ शकतो, दुसऱ्यांच्या जोरावर. आम्ही सरकारी माणसं, प्रत्येक कागदावर स्वतःची सही लागते, त्यामुळे मला हे पटेना.

दुसरी गोष्ट आणखी वाईट. त्याला ऊठ म्हणायच्या आधी येशू त्याला सांगतो की तुझ्या पापांची क्षमा झाली. मला सांग, यात पापाचा काय संबंध? पडून राहिलेला माणूस असं काय पाप करणार?

सोमवार, २८ जुलै

काल वरचं वाक्य लिहिलं आणि पेन ठेवलं. आज पुरं करायचं म्हणून बसलो, पण जमत नाही. इथेच थांबतो.

दादा


आर. के. पुरम,
रविवार, १७ ऑगस्ट

चि. सुधन्वा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. चंद्रप्रभाला सांगितलंय की हे वाचू नकोस, पाकीट तेवढं चिकटव. ती वाचेल.

त्या मंगळवारी जिन्यात पाणी होतं. पण खुर्ची पाण्याने घसरली नाही.

आपल्यात चार माणसं एका माणसाला उचलून जिना उतरतात ती एकदाच. बाबांना करोल बागेच्या घरातून उतरवलं तेव्हा पुढे मी होतो, मागे डावीकडे तू होतास. दर मंगळवारी, दर शुक्रवारी मला तेच दिसायचं. फरक एवढाच की यात मेलेला माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला, आणि त्याला दुपारी परत वर आणायचं. त्या दिवशी वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. वळणावर भिंत जवळ आली आणि मी तिला जोरात रेटा दिला. ज्या हाताने हे लिहितोय त्याच हाताने. माझ्याबरोबर त्या चौघांतलं कुणीही गेलं असतं. ते माझ्या मनातही आलं नाही, सुधन्वा. नडगीवरचं रक्त दिसलं तेव्हा आलं.

महिनाभर मी हे पोटात घेऊन बसलो होतो. त्यानंतर जिना उतरताना प्रत्येक वेळी मी डोळे मिटायचो. टोप्पोला वाटायचं मला चक्कर येते. ‘सर, आराम से,’ म्हणायचा.

परवाच्या मंगळवारी बाकीचे गेल्यावर मी भिंगारदिव्यांना थांबवलं आणि सांगून टाकलं. मान खाली घालून सांगितलं. त्यांनी नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “विनायकराव, मला ठाऊक आहे. मी उलट्या पावलांनी उतरतो, माझं तोंड तुमच्याकडेच असतं. तुमचा हात मला दिसला होता.”

मी विचारलं, मग तुम्ही परत कसे आलात?

“हात दिसला म्हणूनच आलो.”

मी रडलो. जानेवारीपासून पहिल्यांदा. भिंगारदिवे उठले नाहीत, उपदेश केला नाही, समोर बसून राहिले. टोप्पोकडून शिकले असावेत. मला तेव्हा कळलं की त्या लुळ्या माणसाला आधी काय दिलं आणि का. पाय मिळाले असते तरी मी ते वजन घेऊन कुठे चाललो असतो?

तू विचारलंस, चार लोकांनी खुर्ची उचलली म्हणून देव बदलतात का. मीही तेच विचारत होतो आणि नाही म्हणत होतो. आता उत्तर देतो. खुर्ची उचलली म्हणून नाही. मी ती पाडल्यावर पुन्हा उचलली, म्हणून. असं कुणाकडून शिकलात हे विचारलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. हातापायांत खिळे मारून जागच्या जागी ठेवलेला, तहान लागलीय म्हणणारा, मला का सोडलंस म्हणून बापाला विचारणारा. या सात महिन्यांत मीही हेच विचारत होतो. माझ्यासारखा हलता न येणारा देव मला आधी भेटला नव्हता. आईच्या देवांना मी कमी लेखत नाही. तिला जे मिळालं ते तिला त्यांच्यापाशीच मिळालं. मला हे इथे मिळालं, मी काय करू?

शांती वगैरे आलेली नाही, खोटं लिहीत नाही. तळपाय खाजतोच. चंद्रप्रभावर काल पुन्हा ओरडलो, फक्त या वेळी माफी मागितली, तर ती घाबरून ताप बघायला लागली. पण आता सकाळी जाग आली की दिवस नकोसा वाटत नाही. मंगळवारची वाट बघतो. हे आधी नव्हतं.

तर ठरलं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्मा घेणार. दसरा होऊन जाऊ दे असं मीच सांगितलं, तुझ्या नवरात्रात माझं नाव लोकांच्या तोंडात यायला नको. चर्चच्या मागच्या दाराला पायरी नाही, तिथून आत नेणार आहेत. चंद्रप्रभा येणार नाही. म्हणाली, “तुमचा येशू तुम्हाला लखलाभ, माझी भवानी मी सोडत नाही. आणि दोघा भावांनी तिची वाटणी करताना मला कुणी विचारलंत?” रोज पूजा तीच करते, तेव्हा तिचं खरं आहे. तरी रीत म्हणून टाक तुझ्याकडे जायला ती कशीबशी तयार झालीय.

पितृपक्षात देव हलवायचे नाहीत, त्याच्या आत येऊन नेईन, असं तू तिला कळवलंस. ये. तू आलास की माझ्याशी बोलणार नाहीस हे गृहीत धरलंय. तू टाक नेलेस की पुन्हा या घरात तुला यायचं कारण उरणार नाही, याची मला भीती वाटते. लिहून टाकलं. बाप्तिस्म्याची वाटत नाही, याची वाटते.

दादा


आर. के. पुरम,
बुधवार, ३ सप्टेंबर

चि. सुधन्वा,

काल जे झालं ते तुला सांगायची काय गरज, तू होतासच. पण तू मागे होतास. पुढून काय दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

थॉमस ओणमला गावी गेलाय, आणि त्याच्या जागी ठरवलेल्या माणसाचा फोन लागेना. तू वर आलास तेव्हा तिघे माझ्या खुर्चीभोवती उभे राहून एकमेकांकडे बघत होते. तू कुणाकडेच बघितलं नाहीस. चंद्रप्रभाने टाकांचा डबा लाल फडक्यात बांधून तुझ्या हातात दिला, तू तो कपाळाला लावलास आणि वळलास. भिंगारदिवे म्हणाले, आज राहू दे, एक दिवस व्यायाम चुकला तर बिघडत नाही. टोप्पोने घड्याळ बघितलं. तू दारात थांबलास. किती वेळ थांबलास ते तुला कळलं नसेल. मला फार वेळ वाटला.

मग परत येऊन तू म्हणालास, “दादा, हे धर.” डबा माझ्या मांडीवर ठेवलास आणि शर्टाच्या बाह्या वर केल्यास.

चार महिन्यांत माझ्याशी बोललेले तुझे हे तीन शब्द. मी त्यावरच खूश आहे.

तिघांना तुला शिकवावं लागेल असं वाटलं होतं, पण तू थेट मागची डावी बाजू धरलीस. तुझी जागा तुला माहीत होती. बाबांच्या वेळी तू हुंदके देत होतास, काल नुसता धापा टाकत होतास. सिगारेट सोड. पहिल्या मजल्यापर्यंत तुझा श्वास माझ्या टाळूला लागत होता. तू पुटपुटत भवानीचं नाव घेत होतास. तुझ्या शेजारी टोप्पो त्याच्या बोलीत येशूचं नाव घेत होता. मी दोघांच्या पुढे बसून दोन्ही ऐकत होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंत आली. भिंगारदिवे तिथे नेहमी माझ्या हाताकडे बघतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. काल त्यांनी बघितलं तर माझा डावा हात मोकळा नव्हता. त्यात आईच्या टाकांचा डबा होता आणि मी तो छातीशी घट्ट धरला होता. त्यांनी माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तू मान खाली घातलेली असणार, म्हणून तुला दिसलं नसेल. मला मात्र त्या वळणावर पहिल्यांदाच डोळे मिटावेसे वाटले नाहीत.

टॅक्सीत मला बसवलंस, दार लावलंस, आणि मागे न बघता मेट्रोच्या दिशेने सुटलास. मी हाका मारल्या. डबा माझ्याच मांडीवर राहिला. दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं, इसमें क्या है? मी म्हटलं, “मेरे भाई का सामान है, लेने आएगा।” त्यांनी तो माझ्या समोर खिडकीत ठेवला आणि मी तासभर त्याच्याकडे बघत व्यायाम केला. अंगठा हलला नाही, विचारू नकोस.

मी म्हणतो तू विसरलास. चंद्रप्रभा म्हणते, पानिपतहून पहाटेची गाडी पकडून जी एक वस्तू न्यायला आला तीच विसरेल इतका तो बावळट नाही. तुमचं दीर-भावजयीचं तुम्ही बघा. तिने टाक पुसून पुन्हा जागेवर ठेवलेत.

आता रविवारी पौर्णिमा आणि सोमवारपासून पितृपक्ष. पितृपक्षात देव हलवायचे नाहीत हे तुझंच म्हणणं. तेव्हा टाक घटस्थापनेच्या दिवशी ने, किंवा नेहमीसारखे मुलांना घेऊन इथेच घट बसव. खोली चंद्रप्रभाची आहे, तिला विचार. मी दुसऱ्या खोलीत बसेन, आणि आरतीला टाळ्या वाजवायला एका हाताचा उपयोग नाही तरी ऐकेन. माझं ऑक्टोबरमधलं ठरलंय ते ठरलंय, ते मी लपवत नाही. तू रागाव. राग घेऊन ये.

परवा शुक्रवारी सरकारी सुट्टी, दवाखाना बंद. पुढची पाळी मंगळवारची. थॉमस महिनाअखेरपर्यंत येत नाही, आणि त्या दुसऱ्या माणसाला मी आज कळवून टाकलं की गरज नाही. नेण्यासारखं काही नसलं तरी मंगळवारी ये. मागची डावी बाजू रिकामी ठेवलीय. तिघांनाही ऑफिस असतं, साडेआठच्या आत पोच.

तुझा,
दादा